देवाची आई की ख्रिस्ताची आई? एका शब्दावरून दीड हजार वर्षांचं भांडण

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याची ढब मुद्दाम तशीच ठेवली आहे.)

 

समजा, तुम्ही बेकरीत गेलात. विचारलंत, "दादा, पाव कसा दिला?" आणि गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "पिता मोठा, पुत्र त्याच्या खालचा, लक्षात ठेवा." तुम्ही बावचळून सुटे पैसे घ्यायला शेजारी गेलात, तर तोही नाणी मोजता मोजता देवपुत्राचा जन्म झाला की झाला नाही, यावर प्रवचन द्यायला लागला. विनोद वाटतोय ना? पण चौथ्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, साधारण असंच होतं, अशी तक्रार निसाचा ग्रेगरी नावाच्या धर्मगुरूने लिहून ठेवली आहे. आपल्याकडे चहाच्या टपरीवर राजकारण चालतं, तिथे ईश्वरशास्त्र चालायचं.

आणि भांडण कशावरून? एका प्रश्नावरून. येशू ख्रिस्त देव होता की माणूस? आणि दोन्ही असेल, तर ते नक्की कसं?

तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, हा भाग शेवटपर्यंत ऐका. कारण यात श्रद्धा आहे, सत्ता आहे, भाषांतराचे घोळ आहेत, आणि शेवटी गोष्ट फिरत फिरत कल्याण, गोवा आणि केरळपर्यंत येते.

मुळात अडचण काय होती?

बायबलमधली शुभवर्तमानं वाचलीत तर अडचण लगेच कळते. येशू होडीत दमून झोपलेला दिसतो. शिष्य त्याला उठवतात आणि तो वादळाला गप्प करतो. झोप माणसाला लागते, वादळ माणसाचं ऐकत नाही. मित्र लाजर मेला म्हणून तो रडतो, आणि थोड्याच वेळात त्याच लाजरला कबरीतून बाहेर बोलावतो. त्याला भूक लागते, तहान लागते. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तो घाबरून प्रार्थना करतो. आणि पहिल्या काही पिढ्यांपासूनच लोक त्याची देव म्हणून उपासना करत होते.

मग हे सगळं एका माणसात बसवायचं कसं? निरनिराळ्या लोकांनी निरनिराळी उत्तरं दिली.

काही म्हणाले, तो देवच होता, शरीर फक्त दिसायला होतं. म्हणजे आपल्याकडे बहुरूपी येतो ना, पोलिसाचं सोंग घेऊन? तसं माणसाचं सोंग. पण मग क्रुसावरच्या वेदना खोट्या ठरतात. ज्याला दुखलंच नाही, त्याने माझ्यासाठी काय सोसलं?

दुसरं उत्तर एरियसचं. हा अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू. तो म्हणाला, पुत्र फार थोर आहे, सगळ्या सृष्टीच्या आधीचा आहे, पण तोही निर्माण केलेलाच. म्हणजे कंपनीतला सर्वात वरचा अधिकारी, पण मालक नव्हे. यावर इ.स. 325 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने निकाया इथे परिषद बोलावली. तिथे ठरलं, पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे. पुढे या एका शब्दावर पन्नासेक वर्षं रणं माजली. ग्रीकमध्ये "एकाच तत्त्वाचा" आणि "सारख्या तत्त्वाचा" या दोन शब्दांत फक्त एका अक्षराचा फरक आहे. त्या एका अक्षरापायी बिशप हद्दपार झाले.

तिसरं उत्तर अपोलिनॅरिसचं. हा एरियसचा कट्टर विरोधक. तो म्हणाला, शरीर माणसाचं, पण विचार करणारं मन मात्र देवाचं. घर माणसाचं, राहणारा देव. ऐकायला सोपं आहे. पण नाझियान्झसच्या ग्रेगरीने (हा दुसरा ग्रेगरी) असा मुद्दा मांडला की, जे देवाने आपलंसं केलंच नाही, ते बरं कसं होणार? माणसाचं सगळ्यात बिघडलेलं काय असतं? मनच ना? मग मनच सोडून बाकीचं घेतलं, तर दुखणं जागच्या जागी राहिलं. 381 च्या परिषदेत अपोलिनॅरिसचं मत फेटाळलं गेलं.

इथपर्यंत एवढं ठरलं: ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. आता खरी मजा सुरू होते. हे दोन "पूर्ण" एकत्र राहतात कसे?

थांबा, आधी एक शब्द

पुढे जाण्याआधी मराठीतली एक अडचण सांगतो. ग्रीकमध्ये शब्द आहे "फ्यूसिस". मराठीत त्याला काय म्हणायचं? "स्वभाव" म्हटलं, तर तुम्हाला वाटेल तापट की शांत. "प्रकृती" म्हटलं, तर तुम्ही विचाराल, "का, काय झालं, बरं नाही का?" अवतार म्हटलं, तर तो शब्द स्वतःबरोबर दशावतारांपासून सगळा संसार घेऊन येतो. मी आज "स्वभाव" वापरणार आहे. त्याचा अर्थ एवढाच घ्या, की एखादी गोष्ट मुळात *काय* आहे. आणि "व्यक्ती" म्हणजे तो मुळात *कोण* आहे.

*काय* आणि *कोण*. हे दोन प्रश्न लक्षात ठेवा. आणि हेही लक्षात ठेवा, की आपली जी पंचाईत झाली, नेमकी तीच त्या काळच्या लोकांची झाली होती. एकच शब्द एका शहरात एका अर्थाने आणि दुसऱ्या शहरात दुसऱ्या अर्थाने वापरला जात होता.

नेस्टोरियस आणि सिरिल

साल 428. कॉन्स्टँटिनोपलला नवा आर्चबिशप आला, नेस्टोरियस. अंतिओखकडचा संन्यासी, वक्तृत्व जबरदस्त, स्वभाव (हा मात्र आपला मराठी स्वभाव!) एकदम कडक. पाखंड्यांना साम्राज्यातून साफ करा, असं त्याने आल्या आल्या सम्राटाला सांगितलं. काही दिवसांतच एरियसच्या अनुयायांचं प्रार्थनास्थळ पाडायची वेळ आणली. त्यांनीच त्याला आग लावली आणि ती आसपास पसरली. हे आठवणीत ठेवा, कारण पुढे याच माणसावर पाखंडी म्हणून शिक्का बसणार आहे.

त्या काळी शहरातले लोक मरियेला प्रेमाने "थिओटोकॉस" म्हणत. म्हणजे जिने देवाला जन्म दिला ती, देवमाता. नेस्टोरियसला हा शब्द खटकला. दोन-तीन महिन्यांच्या तान्ह्या बाळाला मी देव कसं म्हणू, असं तो म्हणाल्याचं त्याच काळातल्या एका इतिहासकाराने नोंदवलं आहे. त्याचं म्हणणं असं, की देव अनादी आहे, त्याला आई कुठून? तो जन्मतो म्हटलं, तर उद्या तो मरतो असंही म्हणावं लागेल. त्यापेक्षा "ख्रिस्टोटोकॉस" म्हणा, ख्रिस्ताची आई.

अंतिओखच्या परंपरेत एक उपमा आवडती होती, देवळाची. देवळात देव राहतो, पण देऊळ म्हणजे देव नव्हे. येशूचा माणूसपणा हे देऊळ. ते पडलं, तरी देवाला काही होत नाही.

आपल्याला ही उपमा चटकन पटते. पण अलेक्झांड्रियाचा कुलपती सिरिल खवळला. त्याचा प्रश्न साधा होता. देव तर संदेष्ट्यांमध्येही वास करतो, संतांमध्येही करतो. मग येशूत वेगळं काय? देव कुणाच्या तरी *आत राहायला* आला, आणि देव स्वतः *माणूस झाला*, या दोन गोष्टी एक आहेत का?

आणि आईबद्दल त्याने जे उदाहरण दिलं, ते मला आजही बिनतोड वाटतं. बाळाचा आत्मा आई देत नाही, तो देव देतो, असं त्या काळी सगळेच मानत. म्हणून आपण तिला "शरीराची आई" म्हणतो का? नाही ना. ती अख्ख्या बाळाची आई असते. आई *कशाला* तरी जन्म देत नाही, *कुणाला* तरी देते. मग मरियेने जन्म दिला तो कोण होता? तो देवपुत्र असेल, तर ती देवमाता.

बघा, वाद मरियेवर दिसतो, पण आहे ख्रिस्तावर. आणि त्याच्याही खाली आहे दुःखाचा प्रश्न. क्रुसावर खिळलेला तो कोण होता? वेदना सुरू झाल्यावर देव बाजूला उभा राहिला आणि माणूस एकटा सोसत राहिला, असं असेल, तर देव आपल्या दुःखात उतरलाच नाही. आणि देवच सोसत होता म्हणावं, तर नेस्टोरियस विचारतो, जो सोसतो, बदलतो, मरतो, तो देव कसला? ज्याचं मूल गेलंय, ज्याच्या घरात आजारपण आहे, त्याच्यासाठी हा कोरडा तर्क नव्हता. माझ्या दुःखाशी देवाचं नातं काय, एवढंच त्याला विचारायचं होतं.

इफिसस: दोन सभा, दोन निकाल

सम्राट दुसरा थिओडोसियस. त्याने 431 मध्ये इफिसस शहरात परिषद बोलावली. एकेकाळी आर्टेमिस देवीच्या भव्य मंदिरासाठी गाजलेलं हे शहर, आणि आता वाद कशावर? देवमातेवर. स्थानिक लोक अर्थातच सिरिलच्या बाजूचे.

अंतिओखचा जॉन आणि त्याच्यासोबतचे पूर्वेकडचे बिशप वाटेतच होते. सिरिलने त्यांची वाट न पाहता 22 जूनला सभा सुरू केली, आणि एका दिवसात नेस्टोरियसला पदावरून काढलं. संध्याकाळी लोकांनी मशाली घेऊन बिशपांची मिरवणूक काढली. चार दिवसांनी जॉन पोचला. त्याने आपली वेगळी सभा भरवली आणि सिरिललाच काढून टाकलं! सम्राटाने काय केलं? दोन्ही निकाल मान्य केले आणि दोघांनाही नजरकैदेत टाकलं.

मग पडद्यामागचं राजकारण. सिरिलच्या माणसांनी दरबारातल्या लोकांना काय काय भेटी पाठवल्या, याची यादीच उपलब्ध आहे. गालिचे, हस्तिदंती खुर्च्या आणि सोनं, तेही थोडंथोडकं नाही. सिरिल अलेक्झांड्रियाला परतला, मानाने. नेस्टोरियस आधी मठात गेला आणि काही वर्षांनी इजिप्तच्या वाळवंटात हद्दपार झाला.

इथे अनेकांना वाटतं, की हे तर निव्वळ पैशाचं आणि सत्तेचं राजकारण. मला तसं वाटत नाही. लाच खरी, दांडगाई खरी. पण प्रश्नही खराच होता. कारण 433 मध्ये सिरिल आणि जॉन यांनी समेटाचा मसुदा मान्य केला. त्यात "देवमाता" शब्द राहिला आणि "दोन स्वभावांचा मिलाफ" ही अंतिओखची भाषाही राहिली. म्हणजे शांतपणे बसल्यावर जमत होतं!

खाल्कीदोन: चार "नाही"

पण शांतता टिकली नाही. 444 मध्ये सिरिल वारला. युटिकीस नावाचा एक म्हातारा मठाधिपती म्हणायला लागला, की मिलाफानंतर स्वभाव एकच उरतो. या मताला एक उपमा चिकटली: मधाचा थेंब समुद्रात पडला, की मध उरतो का? तसा माणूसपणा देवपणात विरून गेला.

448 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या आर्चबिशप फ्लेवियनने त्याला दोषी ठरवलं. 449 मध्ये इफिससला पुन्हा सभा. यावेळी अलेक्झांड्रियाच्या डायोस्कोरसने युटिकीसला निर्दोष सोडलं आणि फ्लेवियनला पदच्युत केलं. तिथे इतकी धक्काबुक्की झाली, की फ्लेवियन पुढे लवकरच मेला. रोमचा पोप लिओ याने पाठवलेलं पत्र वाचूच दिलं नाही. लिओने त्या सभेला दरोडेखोरांची सभा म्हटलं, आणि तेच नाव इतिहासात राहिलं.

मग 450 च्या जुलैत सम्राट घोड्यावरून पडून मेला. त्याची बहीण पुल्केरिया हिने सूत्रं हातात घेतली, मार्शियन या सेनाधिकाऱ्याशी लग्न केलं, आणि ऑक्टोबर 451 मध्ये खाल्कीदोनला नवी परिषद भरली. हे गाव म्हणजे आजच्या इस्तंबूलमधला कादिकॉय भाग.

तिथे ठरलं ते थोडक्यात असं. ख्रिस्त ही एक व्यक्ती, स्वभाव दोन. आणि हे दोन स्वभाव कसे राहतात, हे सांगायला त्यांनी चार नकार वापरले. ते मिसळत नाहीत, बदलत नाहीत, वाटले जात नाहीत, वेगळे होत नाहीत. पहिले दोन नकार युटिकीससाठी, पुढचे दोन नेस्टोरियससाठी.

गंमत कळली का? "कसे राहतात" याचं उत्तर त्यांनी दिलंच नाही. चार बाजूंनी कुंपण घातलं. या कुंपणाबाहेर जाऊ नका म्हणाले, आतलं गूढ मात्र गूढच ठेवलं. काहींना ही पळवाट वाटते. मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

पण भांडण मिटलं का?

छे! उलट फाटलं. इजिप्तमधले कॉप्टिक, सीरियातले बरेच ख्रिस्ती, आणि पुढे आर्मेनियन, इथिओपियन यांनी खाल्कीदोन नाकारलं. ते युटिकीसचे अनुयायी नव्हते, त्याला तर तेही चुकीचंच मानत. त्यांचं म्हणणं एवढंच, की आमच्या सिरिलने "एक स्वभाव" म्हटलं होतं, तुम्ही "दोन" म्हणून नेस्टोरियसला मागच्या दाराने घरात घेतलंत. 457 मध्ये अलेक्झांड्रियात खाल्कीदोनच्या बाजूच्या कुलपतीला, प्रोटेरियसला, जमावाने ठार मारलं.

दुसऱ्या टोकाला, रोमन साम्राज्याच्या बाहेर, इराणमध्ये पूर्वेचं चर्च होतं. त्यांची भाषा सिरियाक. त्यांनी नेस्टोरियसला धिक्कारायला नकार दिला, म्हणून बाकीच्यांनी त्यांना "नेस्टोरियन" म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या भाषेत "क्याना" आणि "क्नोमा" हे शब्द होते. ग्रीक शब्दांशी ते तंतोतंत जुळत नव्हते. ते "दोन क्नोमा" म्हणाले, की ग्रीक माणसाला ऐकू यायचं "दोन व्यक्ती"! आपल्या "प्रकृती"सारखंच झालं की नाही?

आणि बिचारा नेस्टोरियस? वाळवंटात त्याने एक पुस्तक लिहिलं. त्याचं सिरियाक भाषांतर शतकानुशतकं कुणाच्या फारसं लक्षात नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची प्रत अभ्यासकांच्या हाती लागली. त्यात दिसतं, की पोप लिओचं पत्र वाचून त्याला वाटलं, मीही हेच म्हणत होतो! माझ्या नावाला शिव्या पडल्या तरी चालतील, मुद्दा खरा ठरला ना, असा त्याचा सूर आहे. खाल्कीदोनच्या सुमारासच तो हद्दपारीत वारला. खाल्कीदोनने त्याचाही धिक्कार केला.

आणि आपल्याकडे?

सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा एक व्यापारी-प्रवासी लिहितो, की मलबारात ख्रिस्ती आहेत आणि "कॅलियाना" नावाच्या ठिकाणी एक बिशप आहे, जो इराणहून नेमला जातो. हे कॅलियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या भांडणाची गोष्ट आपण ऐकतोय, त्यातल्या "पूर्वेच्या" बाजूची एक शाखा थेट मुंबईच्या शेजारी!

केरळच्या सेंट थॉमस ख्रिस्ती समाजाला शतकानुशतकं याच पूर्वेच्या चर्चकडून बिशप येत. मग पोर्तुगीज आले. गोव्याचा आर्चबिशप अलेक्सो दे मेनेझिस केरळला गेला आणि 1599 च्या जूनमध्ये उदयंपेरूर इथे धर्मसभा भरवली. तिथे नेस्टोरियसचा धिक्कार करायला लावला, प्रार्थनांमधून त्याचं नाव काढलं, सिरियाक ग्रंथ दुरुस्त केले किंवा जाळले. विचार करा, 431 मध्ये तुर्कस्तानात दिलेला निकाल, अंमलबजावणी 1599 मध्ये केरळात!

पुढे 3 जानेवारी 1653 ला मट्टनचेरीला या समाजातल्या लोकांनी क्रुसापाशी शपथ घेतली, की जेझुइटांची सत्ता आम्ही मानणार नाही. कूनन क्रूस शपथ म्हणतात तिला. त्यातले काही नंतर रोमकडे परतले. काहींनी 1665 नंतर आधार शोधला तो अंतिओखच्या सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चचा, म्हणजे खाल्कीदोन नाकारणाऱ्या, "एक स्वभाव" म्हणणाऱ्या बाजूचा. "दोन"वाल्यांचे वारस "एक"वाल्यांच्या घरी! कारण त्यांच्यासमोरचा प्रश्न तेव्हा स्वभावाचा नव्हताच, आपल्यावर हुकूम कुणाचा, हा होता.

आज कल्याणला 1988 पासून सिरो-मलबार चर्चचा धर्मप्रांत आहे. हे चर्च रोमशी जोडलेलं आहे, पण त्याची उपासनेची परंपरा पूर्व सिरियाकच. शेजारी कुणी मल्याळी ख्रिस्ती मित्र असेल, तर त्याला विचारा, तुम्ही नक्की कुठले? उत्तर ऐकताना तुम्हाला हा सगळा इतिहास दिसेल.

शेवटी काय झालं?

1973 मध्ये पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक पोप तिसरे शेनुदा यांनी ख्रिस्ताविषयी एकत्र निवेदन केलं. मग 11 नोव्हेंबर 1994 ला रोममध्ये पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेच्या असिरियन चर्चचे कुलपती मार दिन्खा चौथे यांनी निवेदनावर सह्या केल्या. त्यात मरियेला कुणी देवमाता म्हणतं, कुणी आपला देव आणि तारणारा ख्रिस्त याची माता म्हणतं, दोन्हींमागे श्रद्धा एकच आहे, असं मान्य केलं. 1,563 वर्षांनी! ज्यांच्या सह्या झाल्या, त्यांनी काही नवा शोध लावला नव्हता. त्यांनी समोरच्याला एवढंच विचारलं, "या शब्दाने तुम्हाला काय म्हणायचंय?"

याचा अर्थ सगळा वाद गैरसमजाचा होता, असं मात्र मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर या लोकांचा अपमान होईल. देव माणसाच्या आत राहतो की स्वतः माणूस होतो, यात फरक आहे. विरून जाणं आणि सोबत असणं, यातही फरक आहे. या फरकांसाठी भांडायला हवंच होतं. पण भांडताना समोरच्याचं वाक्य त्याच्या अर्थाने ऐकणं जमलं नाही, आणि तेवढ्यात राजाने, जमावाने, सोन्याने निकाल लावून टाकला. निकाल लागला की ऐकायची गरजच संपते.

तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर, घरच्या ग्रुपवर पुढच्या वेळी एका शब्दावरून पेटलं, तर समोरच्याला एकदा विचारून बघा, "तुला नक्की काय म्हणायचंय?" दोन मिनिटं लागतात. यांना दीड हजार वर्षं लागली.